सहाणेवरचं गाऱ्हाणं

तो निवडणुकीत पडला, हे आधीच सांगून टाकते. अनामतही गेली. त्यामुळे त्याने आमच्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, कारखाना आणला असता की नसता, हे कुणालाच कधी कळलं नाही, आणि आमच्या वाडीतली माणसं आजही छातीवर हात ठेवून सांगतात की आणला असता. हरलेल्या पुढाऱ्याचं हे एक बरं असतं. त्याचं वचन कधी खोटं पडत नाही.

मी लिहिते आहे ते दिवस पंच्याऐंशी सालच्या विधानसभेच्या निवडणुकीआधीचे, माघातले. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. तो कुणी मागे घेतला नव्हता आणि चालूही राहिला नव्हता. काही गिरण्या सुरू झाल्या होत्या, काहींच्या गेटला कुलूप होतं, आणि आमच्या गावातले बहुतेक पुरुष घरी होते.

घरी होते म्हणजे काय, हे ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. आमची घरं पुरुषांनी घरी राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पुरुष मुंबईला, बायका-पोरं-म्हातारी गावाला, आणि दोघांच्या मध्ये पोस्टमन, अशी ती व्यवस्था होती. भातशेतीच्या चार तुकड्यांवर घर दिवाळीपासून फार तर संक्रांतीपर्यंत चाले. पुढचं सगळं मनीऑर्डरीवर. शिमग्याला आणि गणपतीला पाहुण्यासारखे येणारे बाप, काका, भाऊ आता बारा महिने ओसरीवर दिसू लागले. सकाळी ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर बसत, दुपारी घोंगडीवर आडवे होत, आणि चुलीकडे बघायचं टाळत. पोस्टमन आमच्या वाडीची चढण चढायचा बंद झाला. एकदा तो मला खाली रस्त्यावर भेटला तेव्हा उगाचच सायकलची साखळी बघायला वाकला. नजर चुकवावी असं त्याने काहीही केलं नव्हतं, तरी वाकला.

माझे बाबा साचेखात्यात होते. एका वेळी दोन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, सांभाळायचे. साच्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, तिथे कानात बोललेलंही ऐकू येत नाही. साचेवाले एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. बावीस-तेवीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर बाबांचे कान अर्धे गेले होते. ते घरात बोलायचे तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जायचं, आणि त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या समोर, उजेडात उभं राहायला लागायचं. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच मुलींचे बाप असे तोंडाकडे बघत बोलतात.

आणि मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. सुट्टीला येताना बाबांच्या ट्रंकेत साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे असत, तळाला गिरणीच्या गेटवर वाटलेली पत्रकं असत. पिवळी, गुलाबी, पातळ. ती त्यांनी वाचलेली नसत. फुकट मिळालेला कागद टाकायचा कशाला, म्हणून घडी घालून आणत. आई त्यात सुके बांगडे बांधायची. बांधायच्या आधी मी ती वाचून काढायची. ‘कामगार बंधूंनो’ हे शब्द मी शाळेतल्या पहिल्या धड्याच्या आधी वाचले. देवापेक्षा मालक मला आधी कळला. पुढे रत्नागिरीला मांडवीत आत्याकडे राहून कॉलेजात गेले तेव्हा मीही पत्रकं लिहू लागले, आणि दुसऱ्या वर्षी पैसे थांबले म्हणून घरी परत आले तेव्हा कार्बन पेपर आणि दोन पेनं एवढीच माझी इस्टेट होती. त्यांच्यावर मी वाडीतल्या बायकांसाठी पत्रकं काढली. त्यांत शोषण होतं, संघर्ष होता, भांडवलशाहीचा अंत होता. शेजारच्या काकीने एक पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, बाय, ह्यात रेशनच्या तांदळाचं कुठं लिवलंय. मी म्हणाले, ते सगळं ह्यातच येतं. ती म्हणाली, मग ते वर लिवायचंस.

मी चिडले होते. आज ती काकी मला माझ्या सगळ्या गुरूंपेक्षा मोठी वाटते वगैरे काही मी म्हणणार नाही. शोषणाला शोषणच म्हणायला हवं, हे माझं मत आजही आहे. पण मी माझं मत बाळगून बसले आणि तो माणूस मात्र वाडीत येऊन गेला.

त्याला सगळे मेस्त्री म्हणत. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमार लाँचांची इंजिनं दुरुस्त करायचा. कुठल्या पक्षाने त्याला तिकीट दिलं नव्हतं, अपक्ष उभा होता. पहिल्यांदा आला तो एसटीने. साकवाच्या कठड्यावर जिथे आमची माणसं बसत तिथेच बसला, नखांत काळं ग्रीस, आणि म्हणाला, मला भाषण येत नाय, तुमच्याकडे आज काय शिजलंय तेवढं सांगा. मग आपणच म्हणाला, करांदे शिजलेत, मला वास आला, आमच्याकडे पण तेच हाय.

ते खरं होतं. त्या माघात घराघरांत रानातल्या करांद्यांचे कंद शिजत होते. दोनदा पाणी बदलून उकडले तरी कडूपणा राहायचा आणि घशाला खाज सुटायची.

त्याच्याआधी दोन उमेदवार येऊन गेले होते. जीपवर कर्णे, तोंडासमोर माइक. त्यांनी कोकणच्या विकासाचा आराखडा सांगितला. बाबा दोन्ही सभांना गेले आणि काहीही न कळता परत आले, कारण माइकमागे ओठ दिसत नाहीत आणि कर्ण्यातून त्यांना फक्त घरघर ऐकू येई. मेस्त्रीला माइक नव्हता. शिवाय तो जन्मभर इंजिनाच्या धडधडीत बोललेला माणूस होता. शब्द सावकाश, तोंड पूर्ण उघडून, हातांनी दाखवत बोलायचा. त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते वेगळेच.

“बाय,” ते मला म्हणाले, “मला त्याचं सगळं दिसलं. पहिल्यापास्नं शेवटपर्यंत.”

मी त्यांना विचारलं, त्याचा कार्यक्रम काय आहे, तो मालकांच्या बाजूचा की कामगारांच्या, कारखाना आणणार तर कुणाच्या भांडवलावर. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले की तो सरळ बोलतो. आईने चुलीपाशीच सांगितलं की सरळ बोलणारा माणूस घरात एक आहे तेवढा पुरे, अख्ख्या वाडीला ऐकू जातं.

दुसऱ्यांदा मेस्त्री आला तेव्हा सभा ग्रामदेवतेच्या देवळासमोर झाली. तिथे एक दगडी चौथरा आहे. शिमग्यात पालखी त्यावर बसते. त्याला आम्ही सहाण म्हणतो. मेस्त्री चपला काढून सहाणेपाशी उभा राहिला, हातात नारळ घेतला, आणि भाषणाऐवजी गाऱ्हाणं घालू लागला.

गाऱ्हाणं आमच्याकडे गुरव घालतो. तो देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने एकेक गोष्ट मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. हे म्हणायला विचार करावा लागत नाही. पाळण्यातलं पोर आईच्या मांडीवर हे ऐकतं, बोबडं बोलायला लागलं की म्हणतं. मेस्त्री म्हणाला, बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं मुंबैच्या मालकाने टाकलीत. व्हय म्हाराजा. त्यांच्या चुलीत आज रानातलं शिजतंय. व्हय म्हाराजा. ह्या सड्यावर कारखाना उभा राहू दे, घरटी एकाला काम मिळू दे. व्हय म्हाराजा. आणि मतदानाचा दिवस होईपर्यंत ह्या गावातला एकही गडी मुंबैच्या गेटवर जाऊन मालकाचे पाय धरणार नाय, गाव एकजुटीनं हितंच उभं राहील. व्हय म्हाराजा. मग त्याने नारळ सहाणेवर ठेवला.

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. देवाचं मला काही नव्हतं, पण ते चौथं मागणं माझंच होतं. फुटू नका, एकेकटे शरण जाऊ नका, हेच मी कार्बन लावून लिहीत होते. माझ्या वीस पत्रकांनी जे झालं नाही ते त्याने चार वाक्यांत केलं. मला हेवा वाटला आणि आनंदही झाला.

सभा उठल्यावर म्हाताऱ्या गुरवाने तो नारळ उचलला. दुसऱ्याने गाऱ्हाणं घातलं म्हणून तो मनातून धुमसत होता, पण देवाच्या नावाने ठेवलेला नारळ बाहेर कुत्र्या-मांजरांत पडू देता येत नाही, म्हणून त्याने तो आत नेऊन देवापुढे ठेवला. आमच्या गावात आत गेलेला नारळ म्हणजे दिलेला शब्द. तो मोडायचा तर ज्याने नारळ ठेवला त्याला देवासमोर उभं राहून शब्द देणाऱ्याला मोकळं करावं लागतं, मग गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून कौल मागतो. उजवी पाकळी पडली तर सुटका. हे कुठे लिहिलेलं नाही आणि गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मेस्त्रीला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसेल हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी बाबांचा जोडीदार मुंबईहून आला. जोडीदार म्हणजे शेजारच्या साच्यावरचा माणूस, आमच्या पलीकडच्या वाडीतला. मी त्याला काका म्हणायची. तो संप सुरू झाल्यावर वर्षभरातच परत मुंबईला गेला होता आणि तिथे हमाली करून राहिला होता. त्याने बातमी आणली. त्यांची गिरणी अर्ध्या साच्यांवर सुरू होणार होती. जुन्या माणसांना घेत होते. खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरशी त्याने बाबांचं बोलणं करून ठेवलं होतं. पुन्हा संप करणार नाही म्हणून सही द्यायची आणि शनिवारच्या आत साच्यासमोर उभं राहायचं. शनिवारनंतर गेटवर ताटकळलेली नवी पोरं घेणार. तो स्वतः गुरुवारच्या सकाळच्या गाडीने परत जाणार होता, आणि बाबांना घेऊनच जायचं ठरवून आला होता.

आईने त्याला बसायला पाट दिला, काळा चहा केला आणि न विचारता बाबांची ट्रंक माळ्यावरून खाली काढली.

बाबा म्हणाले, नारळ आत आहे.

काका हसला. त्याला वाटलं बाबा चेष्टा करतायत. मग त्याच्या लक्षात आलं, कारण तोही ह्याच गावचा होता, आणि त्याचं हसणं तिथेच थांबलं. तो म्हणाला, मग मोकळं करून घे, गुरुवारपर्यंत वेळ हाय.

मी मध्ये बोलले. सही देऊन कामावर जाणं म्हणजे तीन वर्षांच्या उपासमारीवर पाणी सोडणं, असं मी म्हणाले. जी माणसं अजून गेटबाहेर आहेत त्यांच्या पाठीत तो सुरा असेल, असंही म्हणाले. मला वाटतं मी बरीच चांगली बोलले.

आईने चहाची कपबशी खाली ठेवली. “तुझी पत्रकं एकदा शिजवून वाढ आमाला,” ती म्हणाली. “दोनदा पाणी बदलीन मी.”

काका खाली बघून मिशीत हसला. बाबांना माझं बोलणं दिसलं होतं, तिचं दिसलं नव्हतं, कारण ती चुलीकडे तोंड करून बसली होती. काय म्हणाली, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी गोठ्यात शेण काढायला गेले तर आई तिथे वैरणीच्या आडोशाला बसली होती. आमची गाय गेल्याच्या गेल्या वर्षी विकली होती, गोठ्यात तिची एक कालवड तेवढी होती. आई भाजलेले चिंचोके खात होती. एकेक दाढेखाली धरून, आवाज होऊ नये म्हणून पदराने तोंड झाकून. रोज जेवताना ती आम्हाला सांगायची, माझं मघाशी झालं. मला बघून तिने चिंचोके ओच्यात लपवले आणि कालवडीच्या अंगावरून हात फिरवू लागली.

संप चांगला की वाईट, सही द्यावी की देऊ नये, ह्यावरची माझी मतं त्या गोठ्यात बदलली नाहीत. मला एवढंच कळलं की बाबा शनिवारच्या आत साच्यासमोर उभे राहिले नाहीत तर ही बाई जगणार नाही. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला गेले. भाड्याचे पैसे काकाने दिले.

मेस्त्री बंदरावरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनाखाली आडवा होता. निवडणूक तोंडावर आली तरी तो काम करत होता. त्याचंही घर त्याच हातांवर चाललं होतं. मला बघून बाहेर आला, चिंधीने हात पुसले आणि लगेच म्हणाला, तू त्या साचेवाल्याची पोर ना, पुढं उभा असतो तो, माझ्या तोंडाकडे बघत. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग जा म्हणावं खुशाल, माझी काय आडकाठी. मी म्हणाले, नुसतं तसं चालत नाही, तुम्हाला देवासमोर येऊन त्यांना मोकळं करावं लागेल. मग नारळाचं, गुरवाचं, कौलाचं सगळं समजावून सांगितलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कसा उतरतो हे मी पुष्कळ पाहिलं आहे. हा तसा उतरला नव्हता.

“आजोळी लहानपणी बघितलं होतं गाऱ्हाणं,” तो म्हणाला. “लोकांना जवळचं वाटतं म्हणून घालतो. पोरी, मी असे नारळ गावोगाव ठेवत आलोय.”

मी विचारलं, कारखाना खरंच आणणार आहात का.

“बोलायला उभा राहिलो की वाटतं, आणीन,” तो म्हणाला. “समोर माणसं असतात ना, तेव्हा अगदी खरं वाटतं. असा एकटा असलो की नाय वाटत.”

एवढं सरळ बोललेला पुढारी मी पुन्हा पाहिला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. मी त्याला सांगितलं, उद्या या. तो म्हणाला, येतो. आणि मला एसटी स्टँडपर्यंत कुणाच्या तरी स्कूटरवरून सोडायला लावलं.

तो आला. बुधवारी दुपार कलल्यावर, मागून आणलेल्या जीपमधून. गुरवाने पाकळ्या भिजवून केळीच्या पानावर काढून ठेवल्या होत्या. बाबांनी अंघोळ करून गिरणीत घालायचा खाकी शर्ट घातला होता. ट्रंक काकाच्या पायाशी, दोरीने बांधलेली. आई देवळाच्या पायरीखाली उभी होती, हात जोडून, आणि कित्येक महिन्यांनी तिने केसांना तेल लावलं होतं.

पण मेस्त्री येणार ही बातमी पसरली होती. आमच्या वाडीचीच नव्हे, पलीकडच्या गावांचीही माणसं आली होती. त्यांतली बहुतेक आमच्यासारखीच, संपातून परतलेली. फरक एवढाच की त्यांना कुणी जॉबर बोलावत नव्हता. त्यांच्या गिरण्यांना कुलूपच होतं. आवार भरून माणसं सड्याच्या उतारापर्यंत उभी होती. मेस्त्री चपला काढून सहाणेपाशी गेला आणि त्याने सुरुवात बरोबर केली.

“बा देवा म्हाराजा, हा माझा भाऊ तुझ्यापुढं उभा हाय. ह्याचा शब्द मी घेतला होता. आज मी तो—”

मागून एक तरुण आवाज आला. “आणि आमचं काय, मेस्त्री? एकेकाला काढून देताय, मग आमाला वाऱ्यावर टाकलंत म्हणा की.”

कुणी त्याला गप्प केलं नाही. सगळी माणसं मेस्त्रीकडे बघत राहिली. ती चिडलेली नव्हती. चिडलेल्या माणसांना उत्तर देता येतं. ती फक्त बघत होती, बाबा बघायचे तशी, ओठांकडे. आता काय निघतं म्हणून.

मेस्त्री वळला. मी अगदी जवळ होते, मला त्याच्या कपाळाची शीर उडताना दिसली. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्या गर्दीकडे बघितलं, आणि आदल्या दिवशी त्याने मला शेडमध्ये जे सांगितलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत घडायला लागलं. समोर माणसं होती. त्याला खरं वाटायला लागलं.

कोण टाकतंय वाऱ्यावर, तो म्हणाला, माझ्या जिवात जीव आहे तोवर कुणाला टाकणार नाही. आणि त्याचा आवाज चढत गेला. बा देवा म्हाराजा, ही सगळी तुझी लेकरं हायत, एकाला वेगळं काढू नको. व्हय म्हाराजा. सड्यावर भोंगा वाजू दे, मुंबैचा भोंगा ह्यांना पुन्हा ऐकायला नको. व्हय म्हाराजा. जो मालकाच्या दारात जाईल त्याला ह्या मातीचं पाणी गोड लागू नये. ती तिसरी हाक जी उठली, तिने देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो रागाचा नव्हता. तीन वर्षं ज्यांनी मान वर केली नव्हती ती माणसं मान वर करून ओरडत होती. त्यांना त्या क्षणी भूक नव्हती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पुढाऱ्यांच्या नादी लागणाऱ्या गरिबांना जे शहाणे हसतात त्यांना मी हे सांगू शकते की तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला नसतात.

बाबा त्याच्या पुढ्यात दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्याचा एकही शब्द त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. त्यांनी सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांहून मोठ्याने म्हटलं, व्हय म्हाराजा.

मेस्त्री गेल्यावर आई गुरवाकडे गेली. पाकळ्या भिजवल्याच आहेत तर लावून बघा, असं तिने त्याला विनवलं. म्हातारा वाईट नव्हता. तो म्हणाला, वहिनी, आत्ताच नव्याने शब्द घेतला गेलाय आणि वर घरधन्यानेच तो दिलाय, मी कुठल्या तोंडाने मागू. त्याने पानावरच्या पाकळ्या झाडाच्या मुळाशी टाकल्या. आई पायरीवर बसली. मी तिला हात दिला तर तिने तो घेतला नाही. मग थोड्या वेळाने आपली आपण उठली.

त्या रात्री आमच्या घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. एवढंच झालं की ट्रंक काकाच्या घरून परत आणायला मी गेले तेव्हा काकाने मला ओसरीवर थांबवून सांगितलं, तुझ्या बापाला सांग, मी शनिवारी संध्याकाळपर्यंत जॉबरला धरून ठेवतो, रविवारचं काय सांगता येत नाय. मी ते बाबांसमोर उभी राहून, कंदिलाच्या उजेडात, नीट तोंड उघडून सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे कळलं.

गुरुवारी काका एकटा गेला. त्याची पिशवी बाबांनी स्टँडपर्यंत नेऊन दिली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. पुढच्या आठवड्यात काकाचा निरोप आला की दोन्ही साच्यांवर बिहारकडचा एक पोरगा उभा केला आहे, चांगला आहे, शिकतोय. बाबा त्या दिवशी पहार घेऊन निघाले आणि सड्यावरच्या चिऱ्याच्या खाणीत कामाला लागले. जांभा दगड तोडायचं काम पंचवीस वर्षांच्या गड्याचं. त्यांचं वय पन्नासाच्या घरात होतं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा लाल धुळीने माखलेल्या असत. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. साच्यातल्या धोट्याचं सूत बोटांच्या टोकांनी ओढणारा तो हात आता मुठीत मिटेना. आई त्यावर खोबरेल लावायची, तेही शेजारून मागून आणलेलं.

मी एक शेवटचं पत्रक लिहिलं. त्यात मी मेस्त्रीचं नाव घेऊन लिहिलं की हा माणूस तुम्हाला स्वप्न देतो आणि त्याच्या बदल्यात तुमची नोकरी घेतो. ह्या वेळी शोषण हा शब्द वापरला नाही. प्रत्येक घरात नेऊन दिलं. काकीने ते दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. बरोबर लिहिलंयस, ती म्हणाली. मग घडी करून कमरेला खोचलं आणि म्हणाली, पण दुसऱ्या कुणाला द्यायचं मत, ते नाय लिवलंस.

मतदानाच्या दिवशी मी आई-बाबांबरोबर शाळेपर्यंत चालत गेले. तेव्हा मताला एकवीस पूर्ण लागत, माझी झाली नव्हती, म्हणून मला मत नव्हतं. मी बाहेर आंब्याच्या सावलीत थांबले. रांग फाटकापर्यंत आली होती. खाणीतले बरेच जण होते, तसेच धुळीने लाल, कारण मुकादमाने अर्ध्या तासाचीच सूट दिली होती. बाबा आधी बाहेर आले आणि तडक खाणीकडे चालू लागले. आई मागून आली, बोटावरची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून.

मी तिला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण विचारलंच.

तिने सांगितलं, मेस्त्रीला.

मी म्हणाले, आये, त्याने बाबांचं काम घालवलं. तू पायरीवर बसून रडत होतीस.

“रडले नव्हते, दमले होते,” ती म्हणाली. मग काही पावलं चालून थांबली. “तू त्याला बोलवायला गेलीस, तो आला. दुसऱ्या कुणाच्या दारात गेली असतीस तर दार तरी उघडलं असतं काय?”

मी म्हणाले, येऊन त्याने काय केलं ते तू बघितलंस ना.

“बघितलं की,” ती म्हणाली. “पण आला.”

ती पुढे चालू लागली. घरी जाऊन तिला बाबांची भाकरी खाणीवर पोचवायची होती, आणि भाकरीला पीठ आहे की नाही हे तिला अजून बघायचं होतं.